परिचारिकेची मजुरी

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय २, वचने १ ते १०



लव्हाळ्यांत सापडलेले बालक एका इब्री बाईच्या हाती देताना फारोच्या कन्येने तिला मजुरी देण्याचे कबूल केले. ती बाई त्या बालकाची आईच होती. विनामोल सांभाळ म्हटले असते तरी तिने सांभाळलेच असते. तरी मजुरी ठरली व मातेने ती घेतली. त्यामुळे तिची माया तिळभरही उणी झाली नाही.

या पाठाचे मनन करिताना पालघर व बोईसर-तारापूर येथील परिचारिका आमच्या दृष्टीपुढे उभ्या राहतात. तारापूरच्या कारखान्यांत कोणी भाजला, तर रात्री-बेरात्री त्याच्या उशाशी त्याच असतात. कोणी विरारकडून, कोणी डहाणूकडून आगगाडीने येतात, आणि पाळी संपली की घरची चूल वाट पाहत असते. डोंगरपाड्यांतील नर्सबाईचे कष्ट निराळे. आदिवासी भागांत ३,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा सरकारी नियम आहे. तेथील बाईने लस टोचावी, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवावी, अडलेल्या बाळंतिणीस रुग्णालयात पोहोचवावे व शिवाय वह्याही भराव्या. ओढा भरला म्हणून काम थांबत नाही.

या श्रमाचे मोल काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशावरून केंद्र सरकारने एक समिती नेमिली. ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा निदान २०,००० रुपये मिळावे, आणि २०० खाटांहून मोठ्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, अशी तिची शिफारस आहे. परंतु शिफारस म्हणजे हाती पडलेला पगार नव्हे. सरकारी अभियानातील कंत्राटी भगिनींस तर अकरा महिन्यांच्या करारावर पुढील वर्षाची चिंता वाहावी लागते.

रोगी बरा होऊन घरी गेला की त्या भगिनींस समाधान लाभते, यात संशय नाही. पण त्या समाधानावर पोट भरत नाही, आणि झोपेवाचून तेही टिकत नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास प्रथम बोध केला नाही. निद्रा दिली, भाकर दिली, पाणी दिले. आम्ही उपदेशक मात्र "सेवा, सेवा" म्हणत आलो, आणि त्या पवित्र शब्दाखाली परिचारिकेची मजुरी झाकून गेली. हा दोष आम्ही आपल्या पदरी घेतो.

तर बंधूंनो, दवाखान्यात खोळंबा झाला म्हणून तिला अद्वातद्वा बोलू नका. एकटीच्या माथी किती खाटा आहेत ते आधी पाहा. ती पाड्यावर आली तर पाणी द्या, आणि अंधार पडल्यास सोबत पाठवा. तुमच्यापैकी कोणाच्या हाती दवाखान्याचा कारभार असेल, तर पगार वेळेवर व पुरता द्या, आणि आठवड्याची सुटी मोडू नका.

रिबेकेची दाई दबोरा मेली, तेव्हा तिला बेथेलाजवळ एका वृक्षाखाली पुरले, आणि त्यास रुदनाचा वृक्ष हे नाव पडले. मेलेल्या दाईसाठी रडणे योग्यच होते. जिवंत असलेलीस तिची मजुरी व विसावा देणे, हे आपल्या हाती आहे.