शब्दाचे नित्यत्व आणि जुनी मोटार

माझ्या २००१ सालच्या मोटारीतील रेडिओ कॅसेटखेरीज अन्य कोणत्याही साधनाला दाद देत नसल्यामुळे, सिगारेट पेटवण्याच्या १२ व्होल्टच्या खाचेत बोटभर एफएम ट्रान्समीटर खोचून, मोबाइलवरचे गाणे ब्लूटूथने त्यात आणि त्यातून एका रिकाम्या वारंवारतेवर हातभर अंतरावरच्या रेडिओत पोहोचवण्याची तजवीज मी केली, आणि १९९२ साली निवर्तलेले मल्लिकार्जुन मन्सूर गाऊ लागले. हा स्वर आता उपजला, की होता तोच प्रकटला? भारतीय दर्शनांत हा वाद जुनाच: मीमांसक शब्दाला नित्य मानतात, कंठताल्वादी व्यापार त्याला केवळ व्यक्त करतात असे म्हणतात (अर्थात हे नित्यत्व वर्णांचे, नुसत्या ध्वनीला त्यांनीही ती सनद दिलेली नाही), नैयायिकांच्या मते शब्द आकाशाचा गुण खरा, परंतु पाण्यावरील तरंगांप्रमाणे एकातून दुसरा जन्मत येणारा आणि तत्काळ विरणारा. किल्ली फिरवताच तान अर्ध्यावर तुटते, म्हणून माझा निवाडा नैयायिकांच्या बाजूने. साताऱ्याहून परतताना खंबाटकीच्या बोगद्यात बाहेरची रेडिओ केंद्रे मावळतात व मन्सूर निर्वेध गातात. पुणे जवळ आले, की एखादे बलाढ्य केंद्र त्याच जागेवर बिनदिक्कत अतिक्रमण करते, आणि मला मुकाट्याने दुसरी रिकामी जागा शोधावी लागते.