दस्तऐवज एकाचा, वहिवाट दुसरीची

मालकी दस्तऐवजाने सिद्ध होते असे कायदा मानतो. परंतु जमिनीच्या दाव्यात वहिवाटीचा प्रश्न निघताच दप्तरातील कागद जसे निस्तेज होतात, तसेच कधीकधी गीतांच्या बाबतीतही घडते, आणि त्याचे ‘रिस्पेक्ट’इतके ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या सोल संगीतात मला दुसरे आढळलेले नाही.

हे गीत ओटिस रेडिंगने रचले आणि १९६५ साली स्वतःच गाऊन प्रसिद्ध केले. दिवसभर राबून, कमाई घेऊन परतणाऱ्या पुरुषाला उंबरठा ओलांडताच थोडा मान मिळावा, एवढाच त्यातला आशय. मेंफिसच्या वादकांच्या धडाक्यावर धावणारे ते गाणे बऱ्यापैकी चालले, आणि त्याची कहाणी तेथेच संपली असती तरी कोणी हळहळले नसते.

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीसाठी ते अरेथा फ्रँकलिनने गायिले, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. डेट्रॉइटच्या एका ख्यातनाम बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची ही कन्या वडिलांच्या चर्चमध्ये गातच वाढलेली. मधली काही वर्षे मात्र कोलंबिया कंपनीने तिच्याकडून इतकी सोज्ज्वळ गाणी गाऊन घेतली होती की त्या कंठातील वादळाचा सुगावा फार थोड्यांनाच लागला असेल. रेडिंगचे बरेचसे शब्द तिने तसेच ठेवले. परंतु ते स्त्रीच्या मुखातून येताच अर्जाची जागा हुकूमनाम्याने घेतली. शीर्षकातील एकेक अक्षर सुटे करून, मठ्ठ विद्यार्थ्याकडून पंतोजीने घोकून घ्यावे तसे ऐकवण्याची युक्ती मूळ गीतात नव्हतीच. मागून अर्मा आणि कॅरोलिन या तिच्या बहिणी चर्चमधील सवाल-जबाबाच्या थाटात साथ देतात, आणि मध्ये सॅम आणि डेव्ह यांच्या एका गाण्यातून उचललेल्या स्वरसंगतीवर किंग कर्टिसचा सॅक्सोफोन घुमतो. शेत दुसऱ्याचे खरे, पण नांगरट, पेरणी, पाणी सारे हिचे! (त्या शब्दाला मराठीत ‘आदर’ म्हणण्याचा मोह मी टाळतो. आदर समोरच्याच्या मनात उपजावा लागतो. मान अडून बसूनही घेता येतो, हे लग्नमंडपातील वरमाय पाहिलेल्यांना सांगावयास नको.)

जूनमध्ये हे गाणे दोन आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिले. जुलैत अरेथाचे डेट्रॉइट वांशिक दंगलीत होरपळले. घरातल्या एका स्त्रीची मागणी कृष्णवर्णीयांनी आपली मानली, स्त्रीमुक्तीवाल्यांनीही आपली मानली, आणि दोघांनाही त्यासाठी त्यात एक अक्षर बदलावे लागले नाही.

कायद्याच्या दफ्तरी मात्र या वहिवाटीची नोंद नाही. अमेरिकेत रेडिओ केंद्रावरून गाणे वाजले की मोबदला रचनाकाराला व प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे अरेथाचा आवाज तेथील आकाशवाणीवरून कितीही वेळा घुमला, तरी त्या प्रक्षेपणाची रक्कम रेडिंगच्या आणि प्रकाशकाच्याच खात्यावर जमा होत राहिली. कूळकायद्याच्या प्रदेशात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा खंड उलट दिशेने वाहताना दिसतो.

स्वतः रेडिंगला हे उमगले असावे. त्याच जूनमध्ये माँटेरे येथील संगीतमहोत्सवात, एका मुलीने हे गाणे आपल्यापासून पळवून नेले, अशी कबुली त्याने श्रोत्यांसमोर हसत हसत दिली. पुढे डिसेंबरात विमान अपघाताने त्याला सव्विसाव्या वर्षीच नेले. पण त्या रात्री, ती कबुली दिल्यानंतर, तो तेच गाणे आपल्या जुन्या, धावत्या लयीत गायिला.