सही नसलेला कागद

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळींनी सांगितले तेव्हा मी गाणगापूरच्या प्रवासावर चार पाने लिहिली होती. ती बाजूला ठेवली. यंदा दुसरेच लिहिणार आहे. गाणगापूर पुढच्या वर्षी, महाराजांची इच्छा असेल तर.

आपल्या मंदिराची गुरुवारची आरती करोनापासून मोबाइलवर दिसते, हे सर्वांना ठाऊक आहे. गुडघ्यांमुळे ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांची मोठीच सोय झाली. चित्राच्या बाजूला लोक ‘श्री गुरुदेव दत्त’ लिहितात, कुणी नातवाच्या परीक्षेसाठी प्रार्थना लिहितो. गेल्या वर्षी आषाढातल्या एका गुरुवारी तिथे एक मजकूर आला. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, कसलेतरी भक्तिभावाचे टोपणनाव होते आणि चेहऱ्याच्या जागी दत्तपादुकांचे चित्र. अन्नदानाचे पैसे कुठे जातात ते ‘बाईंना’ विचारा, असा त्याचा आरंभ. पुढे बाईंच्या वैधव्याबद्दल आणि घराबद्दल जे होते ते या अंकात छापण्यासारखे नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, म्हणून सगळे ‘बाई’च म्हणतात. अकरा वर्षे अन्नदानाची वही त्यांच्याकडे होती. आणि त्या वहीची तपासणी दर तिमाहीला कोण करत होते? मी. पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत व्हाउचर तपासून डोळ्यांना सवय झालेली. किराणा, गॅस, आचाऱ्याची मजुरी, पत्रावळी, पै-पैची पावती डकवलेली असे. एकदा साडेतीन रुपयांचा फरक निघाला तर बाई संध्याकाळी पुन्हा आल्या होत्या, बेरीज घेऊन.

म्हणजे तो मजकूर खोटा आहे, हे सगळ्यांत पक्के मलाच माहीत होते. मी काय केले? गप्प बसलो. समितीत चर्चा झाली तेव्हा मीच म्हटले, “अहो, उत्तर देऊन मोठं कशाला करायचं? अनुल्लेखानं मारा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी एकनाथ महाराजांचे उदाहरण दिले. आठ दिवस तो मजकूर तिथेच राहिला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, बहुतेकांनी ‘बघा काय दिवस आलेत’ अशी हळहळ जोडून पाठवला, पण पाठवला. नवव्या दिवशी बाईंनी वही एका मुलाच्या हाती मंदिरात पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आपण केली ती क्षमा होती का?

नाथांची कथा सर्वांना पाठ आहे. पैठणला गोदावरीचे स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकतो, नाथ परत जाऊन स्नान करतात, तो पुन्हा थुंकतो. असे एकशे आठ वेळा होते. शेवटी तोच थकतो आणि पाय धरतो, आणि नाथ म्हणतात की तुझ्यामुळे मला आज इतकी गोदास्नाने घडली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, मोठे दत्तभक्त. नाथांनी भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर काशीला बसून टीका पुरी केली, त्याच स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, आणि त्यांतला पहिला गुरू पृथ्वी. तिला कोणीही तुडवावे, खणावे. ती आपले व्रत सोडत नाही. त्याच स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या त्या भिक्षूची कथा आहे. एके काळी धनाढ्य आणि कंजूष, नंतर सर्वस्व गेलेला, भिक्षेवर जगणारा. लोक त्याचे पात्र हिसकावतात, त्याच्यावर थुंकतात, नाही नाही ते बोलतात. तो म्हणतो, माझ्या दुःखाला हे लोक कारण नाहीत, देव नाही, ग्रह नाहीत, काळही नाही. कारण माझे मन. निंदा कशी सोसावी याचे इतके सखोल विवेचन दुसरीकडे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

पण पारायण करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती या प्रकरणानंतर आली. भिक्षू बोलतो ते स्वतःच्या अंगावरच्या थुंकीबद्दल. नाथांनीही सोसले ते स्वतःच्या अंगावर. शेजारच्या बाईवर कोणी थुंकत असता नाथ ‘सोडून द्या’ म्हणत पुढे गेले, अशी कथा नाही. तसे असते तर आपण त्यांना नाथ म्हटलेच नसते.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. माणसाला स्वतःचे येणे सोडून देता येते, त्याला आपण उदार म्हणतो. पण शेजारच्या खातेदाराचे येणे मी परस्पर माफ केले तर ती अफरातफर होते. बाईंची झालेली बदनामी माफ करण्याचा अधिकार एकट्या बाईंचा होता. आम्ही समितीत बसून, चहा पीत, तो परस्पर वापरला आणि त्याला अध्यात्माचे नाव दिले.

आता दुसरी बाजू. त्या निनावी माणसाला उत्तर तरी काय द्यायचे? सही नसलेला चेक काउंटरवर आला तर रकमेची चर्चा कोणी करत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ सालचा, त्यात सही नाही तर चेकच नाही. मेमो लावायचा आणि परत. केंद्रीय दक्षता आयोगानेही जून १९९९ मध्ये सरकारी खात्यांना आणि बँकांना कळवले होते, की निनावी किंवा खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नका. आम्हा जुन्या लोकांना तो दिवस आठवतो. बढतीची यादी निघाली की अंतर्देशीय पत्रांचा जो पाऊस पडे, तो एकदम ओसरला.

कोणी म्हणेल, दुबळ्या माणसाने करायचे काय? वरिष्ठाची चोरी दिसली तर नाव घालून लिहिले की नोकरी जाते. हे खरे आहे, आणि नोकरीच जाते असे नाही. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरने राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याची हत्या झाली. पण बघा, दुबेंचे पत्र निनावी नव्हते. त्यांनी आपली ओळख दिली होती आणि ती गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. त्यानंतर २००४ साली सरकारने तशी व्यवस्था केली: तक्रारदाराने आयोगाला नाव द्यायचे आणि आयोगाने ते बाहेर फुटू द्यायचे नाही. जबाबदार माणसाला नाव सांगून जगापासून लपणे वेगळे. सगळ्यांपासून लपून, पादुकांचे चित्र लावून एका विधवेवर चिखल फेकणे वेगळे. दोघांनाही ‘निनावी’ म्हणणे ही आपल्या भाषेची गरिबी म्हणायची. आणि धमकी असेल तर प्रश्नच नाही, सरळ पोलीस. निनावी धमकीला कायद्याने पूर्वीपासून जादा शिक्षा ठेवली आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०७ होते, आता नव्या संहितेत ३५१ आहे.

इथवर लिहून झाल्यावर लेख संपवता आला असता. पण मग तो खरा झाला नसता.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एका बदलीच्या जागेसाठी आम्ही दोघेही धडपडत होतो. एका रविवारी मी अंतर्देशीय पत्र घेतले, डाव्या हाताने लिहिले, आणि तीन स्टेशने पलीकडे जाऊन तिथल्या पेटीत टाकले. त्याच्या रोख रकमेत गडबड असते, एवढेच लिहिले होते. शिवीगाळ नव्हती. तेवढे समाधान मी बरीच वर्षे स्वतःला देत होतो.

वरच्या कार्यालयातून साहेब आले, दोन दिवस कॅश मोजली, सगळे बिनचूक निघाले. साहेब गेले. मला वाटले, संपले. पण तिसऱ्या दिवसापासून तो माणूस आमच्यात डबा खाईना. खिडकीपाशी एकटा बसायचा आणि आमच्याकडे एकेकाकडे बघायचा. हा असेल का? की हा? माझ्यावर नजर आली तेव्हा मी म्हणालो, “काय लोक असतात रे, कोण असली कामं करतं कळत नाही.” तो म्हणाला, “तू तरी आहेस.” बदलीची जागा दोघांनाही मिळाली नाही. तो आता या जगात नाही. मी त्याला कधीच सांगितले नाही.

म्हणून त्या मजकुरामागच्या माणसाबद्दल लोक ‘राक्षस’ वगैरे म्हणू लागले तेव्हा मला बोलवेना. तो राक्षस नसेल. सकाळी पूजा करत असेल, नातवाला शाळेत सोडत असेल. पत्र पेटीत टाकताना हात थरथरतो आणि टाकल्यावर एकदम हलके वाटते, हे मला माहीत आहे. तुकोबांना निंदक शेजारी हवा होता, हे आपण कौतुकाने सांगतो. पण शेजाऱ्याला घर असते, दार असते. त्याच्याशी भांडता येते, एखाद्या संक्रांतीला तिळगूळही देता येतो. नाथांच्या अंगावर थुंकणारा समोर उभा होता म्हणून त्याला शेवटी पाय धरता आले. ज्याने नावच ठेवले नाही त्याला पाय धरायची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते. या वाटेवर मी अडतीस वर्षे उभा आहे.

श्रावण लागला तेव्हा मी अकरा वर्षांच्या वह्या काढल्या. वर्षवार गोषवारा केला आणि खाली माझे पूर्ण नाव, पत्ता, ‘हे हिशेब मी स्वतः तपासले आहेत’ असे लिहून सही करून मंदिराच्या फलकावर लावला. मजकूर काढून टाकायला लावला. त्या पोराला दोन मिनिटे लागली. आठ दिवस आम्ही कसली वाट पाहत होतो कोण जाणे! आता आरतीच्या वेळी दोघे जण पाळीने लक्ष ठेवतात. शिवी आली की पुसायची, वाद घालायचा नाही. हिशेबाबद्दल शंका असेल तर ज्याने त्याने नाव सांगून वही बघायला यावे. चौघे आले. एकाने खरोखरच एक चूक दाखवली, २०१९ च्या गॅसच्या बिलात. ती दुरुस्त केली.

मग बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा केला. मी म्हटले, “बाई, तो कोण आहे ते शोधायचा प्रयत्न चालू आहे.” त्या म्हणाल्या, “त्याचं काय घेऊन बसलात? त्याला नाव नव्हतं. ज्यांनी वाचलं आणि पुढं पाठवलं त्या सगळ्यांना तर नावं होती ना? माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं होती त्यांत.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि वही तपासणाऱ्यालाही नाव होतं.”

मी काही बोललो नाही. मग त्यांना १९८६ ची गोष्ट सांगितली. घरात हिलाही सांगितलेली नव्हती. बाईंनी ऐकून घेतली. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणायचा त्यांचा अधिकारही नव्हता; ते येणे दुसऱ्याचे होते. “लिहून काढा,” एवढेच म्हणाल्या, शाळेत सांगत तशा.

संपादकांनी लेख वाचून परवा फोन केला. नावाऐवजी ‘एक दत्तभक्त’ असे छापू का, म्हणून विचारत होते. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी म्हटले, नाव छापा, आडनावासकट.

बाईंनी वही परत घेतलेली नाही. गुरुवारी त्या येतात, मागे खांबापाशी बसतात, आणि आरती संपताच निघतात. किराण्याच्या पावत्या आता मीच डकवतो. माझ्या ओळी वाकड्या येतात.