चेंडूचा विटाळ

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चेंडू निवडायचे काम आमच्या क्लबात माझ्याकडे असते. डबा उघडायचा, एकेक चेंडू तळहातावर घ्यायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा. नियमाने नव्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा लागतो. तेवढ्या फरकातही एका डब्यातले दोन चेंडू हाताला वेगळे लागतात. वेगवान गोलंदाजासाठी मी गडद लाल, मुठीत जरा लहान वाटणारा, शिवण ताठ असलेला चेंडू काढून ठेवतो. गडद चेंडू जास्त वळतो असे जुने गोलंदाज म्हणत आले आणि मीही ते मानतो. मग सामन्यात त्याची एक बाजू घासून चकचकीत राखायची, दुसरी आपोआप खरबडू द्यायची. यवतमाळच्या उन्हाळ्यात, भेगाळलेल्या काळ्या मातीवर, ती खरबडायला वेळ लागत नाही.

शिवण पाहायला मी बाबांकडून शिकलो. आम्ही चांभार. बाबांची पेटी बसस्टँडजवळ होती. रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि समोर लोखंडी तिवई. क्लबाला नवे चेंडू परवडत नसत, तेव्हा टाके उसवलेले जुने चेंडू त्यांच्याकडे यायचे. ते आत बुचाच्या गोळ्यावर गुंडाळलेली लोकर नीट बसवत, वरचे कातडे ओढून घेत आणि आरीने भोके पाडून टाके घालत. "शिवण उभी असली तं बॉल आयकते," म्हणायचे. एकदा मी त्यांच्यासोबत शिवलेले चेंडू पोचवायला क्लबाच्या एका कारभाऱ्यांच्या घरी गेलो होतो. चेंडू आत गेले, बैठकीतल्या टेबलावर ठेवले गेले. बाबा पायरीखालीच उभे राहिले, पैसे वरून त्यांच्या ओंजळीत पडले. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा वाटेत काही बोलले नाहीत, पण मला पडलेला प्रश्न अजून तसाच आहे: विटाळ नेमका कशात असतो?

कारण ज्याला विटाळ म्हणतात ते सगळे त्या चेंडूत आहे. तो मेलेल्या जनावराच्या, बहुतेक गाईच्याच, तुरटीने कमावलेल्या कातड्याचा. ते कातडे कुणीतरी सोलले, कुणीतरी कमावले, मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत कुणीतरी शिवले. मैदानावर त्याला अकरा जणांचा घाम लागतो, आणि परवापर्यंत अकरा जणांची थुंकीही लागत होती. ज्या घरात उष्टे पेले वेगळे ठेवतात त्या घरातला मुलगा दुसऱ्याची थुंकी लागलेला चेंडू झेलायचा आणि तो हात तोंडाला लावून पुन्हा घासायचा. डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. पण आमच्याच जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, क्षेत्ररक्षणात फेक डाव्या हाताने करायचा. प्रशिक्षकांनी ते हेरून त्याला डाव्या हातानेही टाकायला लावले. २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. त्या दिवशी त्याचा कोणता हात पवित्र, हे कुणालाही विचारावेसे वाटले नाही.

इंग्रजी अमलातले गोलंदाज पळवणकर बाळूही डावखुरेच होते आणि चांभारच. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवता फिरवता ते गोलंदाजी शिकले. तेव्हा संघ धर्मवार असत; हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, म्हणून त्यांना घेतले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलला. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, हिंदूंचे कर्णधारपद मिळायला १९२३ उजाडावे लागले.

धर्मशास्त्राला हा पेच माहीत होता. तीर्थात, लग्नात, यात्रेत, लढाईत, देशावर संकट आले असता स्पर्शाचा दोष लागत नाही, असे स्मृतिकारांनी लिहून ठेवले आहे. मैदान त्याच यादीतले म्हणायचे. अनेक भली माणसे याला आपल्या धर्माचे औदार्य समजतात. मला ते पटत नाही. जो दोष गर्दीत लागत नाही, गरज असताना लागत नाही, आणि गरज संपताच पुन्हा लागतो, तो कातड्यात किंवा हातात असूच शकत नाही. आग लग्नाच्या मांडवातही भाजते. सवलत देणाऱ्यालाच हे सगळ्यांत आधी कळले असणार. तरी त्याने सवलत दिली आणि नियम ठेवला. माझा राग त्या ठेवण्यावर आहे.

वऱ्हाडात सवलत न मागणारेही होऊन गेले. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आठशे वर्षांपूर्वी अस्पृश्यांच्या वस्तीत बेधडक जात, त्यांच्या घरचे खात. चक्रधरस्वामींनी त्यांना गुरू मानले. त्यांच्या वागण्याला यात्रा किंवा लढाई लागली नाही.

करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, चेंडूला थुंकी लावायला आंतरराष्ट्रीय क्रिकेटने बंदी केली. नंतर ती नियमातच आली. आता आम्ही फक्त घामाने चकाकी आणतो. ही बंदी मला मान्य आहे. तिला कारण आहे, ते तपासता येते आणि ती कर्णधारापासून बाराव्या गड्यापर्यंत सगळ्यांना, स्वतःच्या थुंकीलाही, सारखीच लागू होते. शौच आणि विटाळ यांतला हा फरक मी पोरांना चेंडू हातात देऊनच सांगतो.

दसऱ्याला बाबा रापी आणि आरी धुऊन देवापुढे मांडायचे. त्यांच्यामागे ती हत्यारे मी मांडतो, आणि गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या शेजारी हंगामातला एक चेंडू ठेवून त्यालाही हळदकुंकू लावतो. देवाजवळ चामडे कशाला, असे आमच्याच नात्यातल्या एका काकांनी विचारले. मी त्यांना म्हटले, काका, तुम्ही भजनात वाजवता त्या मृदंगाला दोन्ही तोंडांना काय मढवलेले आहे? तो मृदंग तुम्ही गाभाऱ्यासमोर मांडीवर घेऊन बसता. काका अजून राजी नाहीत. आमचे बोलणे चालू आहे.