विवाहाची नोंद आणि पितृऋण

हिंदू विवाहाला कागद लागत नाही. अग्नीच्या साक्षीने सप्तपदी होते, सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही परंपरा मान्य केली आणि नोंदणी राहून गेली म्हणून विवाह अवैध ठरत नाही, असंही सांगून ठेवलं. पुढे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. पण २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने कुणी पतिपत्नी होत नाहीत. मग ज्या कागदाने विवाह होत नाही आणि ज्याच्या अभावी तो मोडतही नाही, तो शंभर-सव्वाशे वर्षांनी शोधून, मोडी लिपीतून देवनागरीत उतरवून, कुणा अनोळखी घराच्या वंशजांसाठी जपून ठेवण्यात कोणता धर्म आहे? माझ्या मते त्यात पितृऋणाची फेड आहे. मात्र अट अशी की नोंद जशी आहे तशीच उतरली पाहिजे, आणि त्यातही बायकांची नावं.

श्राद्धतर्पणाचा विधी नीट पाहिला तर तो नावं मागतो. बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी. आणि पुढे आईचे वडील, त्यांचे वडील, तेही सपत्नीक. म्हणजे धर्माने ऋण दोन्ही घरांचं मानलेलं आहे. आठवण मात्र आपण एकाच घराची ठेवली. महाराष्ट्रात विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी मोठ्या कष्टाने कुलवृत्तांत छापले, त्यांचं मोल मी कमी मानत नाही. चांगल्या कुलवृत्तांतांत सुनांची माहेरंही दिलेली असतात. पण शाखा पुढे चालते ती मुलाच्या नावाने. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथेच थांबते. दहा पिढ्या मागे गेलं तर दहाव्या पायरीवर माणसाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि कुळाच्या ओळीत त्यांतली एक दिसते. उरलेल्या घरांकडे नेणारा दुवा विवाहाच्या नोंदीतच सापडतो, कारण दोन घरं एकाच कागदावर येतात ती मुख्यतः तिथे. लग्न ठरवताना केलेल्या याद्या असोत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असोत की सरकारी रजिस्टर असो, सून कुठून आली हे तिथे कळण्याची शक्यता असते.

यावर शास्त्र जाणणारा माणूस म्हणेल, की गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, अशी सोय धर्मानेच केली आहे. मग एवढा शोध कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्या सोयीत मोठी करुणा आहे. नाव हरवलं म्हणून कुणी पाण्यावाचून राहू नये, ही तिच्यामागची भावना. पण ती सोय अज्ञानासाठी आहे. नाव दप्तरात लिहिलेलं असताना आळसाने किंवा संकोचाने ते न वाचणं याला अज्ञान म्हणता येत नाही.

संकोचाचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि पुण्यातल्या कर्वेनगरात त्याचा विचार टाळताच येत नाही. हा भाग म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये अनाथ बालिकाश्रम इथे आणला. त्याआधी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यासाठी मुरूड या त्यांच्या गावच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाई जन्माने जोशी, पहिल्या लग्नाने नातू, लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या विवाहानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, लोक त्यांना बाया म्हणत. एकाच बाईची ही तीन आडनावं, दोन नावं आणि एक हाकेचं नाव. तिचा मागोवा घेणाऱ्याला यांतलं एक जरी गाळलेलं मिळालं, तर एका बाईच्या दोन बायका होतील किंवा ती मधूनच नाहीशी होईल. ‘विधवा’ हा शेरा वंशजांना बोचेल म्हणून तो वगळावा, असं सुचवणारे सहृदय लोक असतात. त्यांनी १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आठवावा. त्याने पुनर्विवाह कायदेशीर केला, पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्कही काढून घेतला. त्या एका शब्दात अशा बाईने काय गमावलं आणि काय धैर्य केलं, ते साठलेलं आहे. तो शब्द पुसला तर तिची लाज झाकली जात नाही, फक्त तिचं धैर्य पुसलं जातं.

म्हणून उतरवणाऱ्याची शिस्त हा मला नैतिक प्रश्न वाटतो. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे नाव ‘सुधारून’ वाचण्याचा मोह पावलोपावली होतो. तारखेचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हा हिशेब पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो. कर्व्यांचा हा पुनर्विवाह शके १८१४ च्या फाल्गुनातला. ७८ मिळवले तर १८९२ येतं आणि लग्न वर्षभर आधी सरकतं. जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून मूळ मिती आधी लिहावी, आपलं गणित तिच्याशेजारी वेगळं. वाचता न आलेली जागा मोकळी सोडावी. मृत माणूस आपली चूक दुरुस्त करायला येत नाही, हे ध्यानात ठेवलं की या शिस्तीचा कंटाळा येत नाही.

यातून जातीचा अभिमान पोसला जाईल, ही भीतीही खोटी नाही. घराणं किती जुनं, गोत्र कोणतं, याच हौसेने पुष्कळ लोक शोधाला लागतात. पण हा अभिमान एका निवडलेल्या रेघेवर उभा असतो. विवाहाच्या नोंदी प्रामाणिकपणे उतरल्या तर बालवयात दिलेल्या मुली दिसतात, दुसरेपणावर दिलेल्या दिसतात. हे सगळं वाचूनही ज्याला गर्व वाटेल त्याला कुणी अडवू शकत नाही. निदान त्याला पुरावा तरी अर्धा मिळणार नाही.

राहिला जिवंत माणसांचा प्रश्न. ज्यांची लग्नं आजच्या हयात पिढीच्या आठवणीतली आहेत, त्यांचं पहिलं लग्न, घटस्फोट किंवा जात त्यांच्या संमतीवाचून चारचौघांत येऊ नये. पितृऋण पूर्वजांचं असतं. हयात आजीचं गुपित त्या खात्यात मोडत नाही. अशा नोंदी उतरवून बंद ठेवाव्यात आणि त्या केव्हा खुल्या करायच्या हे त्यांच्या घरच्यांना ठरवू द्यावं, मग वंशवृक्ष काही वर्षं अपुरा राहिला तरी चालेल.