वूफरसाठी घेतलेलं नाव

साउंड तपासायला कोणतं गाणं लावावं, यावरून कमिटीतल्या पोरांचं आणि माझं दर हरिनाम सप्ताहाला वाजतं. पोरांना वरातीतलं रिमिक्स हवं असतं. बेस छातीत बसला पाहिजे आणि यंदा सिस्टिम कुठली आणलीय ते शेजारच्या गावाला कळलं पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे, वर्गणी त्यांनीच फिरून गोळा केलेली असते. पण रिमिक्सवर कीर्तनाची सिस्टिम पारखता येत नाही. त्यात सगळंच आधीपासून दाबून एका पातळीला आणलेलं असतं, कुठेही वाजवा, दणदणतंच. मला ऐकायची असते पखवाजाची कणीक लावलेली बाजू, टाळांची किणकिण, आणि त्या गलक्यातून शब्द न शब्द कळेल असा गळा. म्हणून भीमसेन जोशींचा एक अभंग लावतो. तो इतका पाठ आहे की कुठे काय उणं पडलं ते लगेच कळतं. टाळ कानाला टोचले की ट्रेबल खाली. शब्द घुमले की मधला थोडा काढायचा. मग अभंग तोडायचा, मागे घ्यायचा, पुन्हा तीच ओळ.

अडचण इथेच आहे. मंडपाच्या खांबाशी आधीच येऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाया विठ्ठलाचं नाव ऐकून हात जोडतात, आणि मी ते नाव अर्ध्यात कापतो.

एका बुवांना विचारलं, हे पाप की नामस्मरण? त्यांनी भागवतातला अजामिळ काढला. मरताना त्याने पोराला हाक मारली, पोराचं नाव नारायण, तेवढ्यावर तो सुटला. नकळत घेतलेलं नावही वाया जात नाही, असं बुवांचं म्हणणं. मला काही पटलं नाही. अजामिळाच्या हाकेत निदान पोराची माया होती. माझं सगळं ध्यान वूफरवर.

मग बुवा शारंगदेवावर आले. हा आमच्या देवगिरीचा, यादवांच्या पदरचा. तेराव्या शतकात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नाद दोन तऱ्हेचा सांगितलाय. आघाताने होतो तो आहत, आघाताशिवायचा तो अनाहत. अनाहत मुक्ती देतो, पण त्यात रंजन नाही, म्हणून तो योग्यांनी धरावा, लोकांसाठी आहत. आणि तुझी मशीन, बुवा म्हणाले, आहताचीसुद्धा नक्कल.

नक्कल खरी, पण ती ऐकताना कानात काय होतं ते बुवांनी धरलं नाही. घरोघरी लँडलाइन होता तेव्हा तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे वडिलांच्या आवाजाचा पायाच तारेत नव्हता, तरी त्यांचा जाड आवाज आम्ही पहिल्या ‘हॅलो’ला ओळखायचो. वरचे सूर ऐकून खालचा मेंदू स्वतः भरतो. जुन्या पत्र्याच्या कर्ण्याचंही तेच. त्यातून खर्ज निघतच नाही, मोबाइलवरच्या आलेखात ती जागा रिकामी दिसते. आणि म्हातारी म्हणते, बुवांचा आवाज आज काय खोल लागलाय! कर्ण्याने न काढलेला सूर तिने ऐकला. त्याला अनाहत म्हणणं शास्त्रात बसणार नाही. बुवांना तर मुळीच चाललं नाही. पण दुपारी जवळजवळ रिकाम्या मंडपात मी तपासतो ते अपुरंच असतं. उरलेलं म्हातारी घरून घेऊन येते, आणि त्याला माझ्या मिक्सरवर बटण नाही.

तर मग महागाची सिस्टिम कशाला? शेवटच्या रांगेला शब्द कळावेत म्हणून, बाकी काही नाही. सिस्टिम चांगली असली की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि पोरांना तर तीच मिरवायची असते. त्यांच्यासाठी शेवटी दोन मिनिटं रिमिक्स सोडतो. रात्री दहाचा नियम दुपारी आड येत नाही.

अभंग मात्र हल्ली धृपद येऊन गेल्यावरच तोडतो. मशीनला त्याने काही फरक पडत नाही. तपासणी लांबते, कमिटीचा माणूस दोनदा येऊन विचारून जातो, अजून झालं नाही का?