चाचाचं नाव

सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून कुणीतरी वारल्याचं सांगितलं. नाव, बापाचं नाव, मातीची वेळ. मी ओट्यावर चहा पीत होतो. गावात या नावाचं कोण, ते काही आठवेना. चहा संपवला, पेपर चाळला. मग गल्लीतलं एक पोरगं आलं, "मास्तर, पिंजारी चाचा गया ना भो."

पन्नास वर्षं ज्याला ओळखत होतो त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकूनही ओळखलं नाही. २०१६ च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. (नाव इथं देत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही.)

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. दिवाळीच्या आधी चाचा धनुकली खांद्यावर टाकून यायचा आणि आमच्या ओसरीत दोन दिवस कापूस पिंजायचा. त्या तारेचा आवाज ऐकला की आम्ही पोरं अंगभर कापूस करून घ्यायचो. त्याचे गुडघे कधी दुखतात, त्याला मेथीची भाजी आवडते, बायकोशी तो भांडतो कशावरून, सगळं ठाऊक. नाव तेवढं राहिलं. 'पिंजारी' म्हटलं की काम भागत होतं.

कब्रस्तानात गेलो तर चपला काढायच्या की नाही इथपासून अडचण. जनाज्याची नमाज सुरू झाली. मला वाटलं होतं सगळे आता वाकतील, कपाळ टेकतील. तसं काही नाही. ही नमाज उभ्यानंच. चार वेळा अल्लाचं थोरपण म्हणायचं, मयतासाठी मागणं मागायचं, मान वळवून सलाम, संपलं. मी निंबाखाली उभा होतो. चाचाच्या पोरानं हाक मारली, "मास्तर, या ना. माती द्या." तीन मुठी माती टाकली. माझ्या शेजारी आमचे माजी सरपंच होते, त्यांनी ते इतक्या सवयीनं केलं की मलाच माझी लाज वाटली. मी तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस.

आता कुणी म्हणेल, गावात राहून इस्लाम माहीत नाही कसा? सण माहीत होते. मोहरमच्या ताबुतापुढे आम्ही नाचलो आहोत. ईदचा शिरखुर्मा दरवर्षी डब्यात यायचा. लहानपणी मला ताप आला की माय मगरीबच्या वेळेला मशिदीच्या दाराशी घेऊन उभी राहायची. नमाज सुटली की बाहेर येणारे एकेक जण माझ्यावर फुंकर घालून जायचे. ताप उतरायचा, किंवा उतरायचा नाही, पण माय जायची. एवढं सगळं असून दिवसातून पाच वेळा जी बांग कानावर पडत होती तिच्यात काय म्हणतात, हे मी साठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. कोंबडा आरवतो तसं ते मी ऐकत होतो.

विचारलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, विचारायला मी आधी एकदा गेलो होतो आणि वाईट पद्धतीनं गेलो होतो. तेव्हा मी धुळ्याला नोकरीला होतो. ६ जानेवारी २०१३ ला शहरात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. शाळा पुन्हा भरल्यावर मी एका मुसलमान सहकाऱ्याजवळ खुर्ची ओढून बसलो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. "तुमच्यात असं का सांगितलंय? तुमच्यात तसं का करतात?" माझा प्रत्येक प्रश्न 'तुमच्यात'पासून सुरू होत होता. तो शांतपणे उत्तरं देत गेला. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला म्हणाला, "सर, तुम्ही शिकताय, का माझा जबाब घेताय?" आणि वह्या तपासायला लागला. मला राग आला. माझा हेतू चांगला होता ना! पण ज्याच्या मोहल्ल्यातली पोरं नुकतीच पुरलीत त्याच्यापुढे मी धर्माची फाईल उघडून बसलो होतो. हेतू चांगला असला तरी वेळ आणि तोंड दोन्ही फौजदाराचं होतं.

चाचा गेल्यावर मी दुसरी चूक केली. पुस्तकाचा माणूस, म्हणून कुराणाचं मराठी भाषांतर आणलं आणि कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिला अध्याय सात आयतींचा, सुरेख लागला. दुसरा २८६ आयतींचा. त्यात कायदे, जुन्या पैगंबरांच्या गोष्टी, वारसा-कर्जाच्या बाबी, सगळं एकात एक. कोण कुणाला बोलतंय, कशावरून बोलतंय, कळेना. आठ दिवसांत पुस्तक फडताळावर गेलं.

पुढं चाचाच्या पोराकडे जाऊन बसायला लागलो तेव्हा त्यानं सांगितलं, "मास्तर, ते लिहिलंय त्या क्रमानं उतरलेलं नाही." ११४ अध्याय, साधारणपणे मोठे आधी आणि छोटे शेवटी. मक्केत सुरुवातीला आलेले बरेचसे शेवटाकडे सापडतात. 'वाच' असा हुकूम देणारी जी पहिली वाणी मानतात ती तर ९६ व्या अध्यायात आहे. त्यानं सुचवलं, पहिला अध्याय वाचा, मग सरळ शेवटून छोटे छोटे घ्या, आणि त्याच्याही आधी पैगंबरसाहेबांचं चरित्र वाचा. जन्माआधी बाप गेलेला, सहाव्या वर्षी आई गेलेली, असं एक पोरकं पोर. पुढं व्यापार करणारा, ६२२ मध्ये मक्का सोडावी लागलेला माणूस. तो कळल्याशिवाय ती वाणी कुणाच्या कोणत्या प्रसंगाला आली ते कळत नाही.

मराठीत असं चरित्र कुठलं, म्हणून शोधलं तर ते आमच्याच तालुक्यात निघालं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवणारे साने गुरुजी. त्यांनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तक लिहिलंय, त्यात पैगंबरांचं चरित्र आहे. 'श्यामची आई' मी किती वर्गांना वाचून दाखवली असेल, पण हे पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. दुसरे विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेणारे गुरुजीच. ती 'गीता-प्रवचने' खानदेशात घरोघर आहेत. पुढं याच विनोबांनी कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकून घेतली आणि निवडक आयती विषयवार लावून 'कुराण-सार' काढलं, हे किती घरांत ठाऊक असेल? धुळ्याच्या एकाच तुरुंगातले दोन कैदी, आणि त्यांचं आम्ही अर्धंच वाचलं.

पण मला जास्त शिकवलं ते चाचाच्या ओट्यानं. आधी बांग समजून घेतली. देव थोर आहे, त्याच्याशिवाय कुणी पूजेला योग्य नाही, मुहम्मद त्याचे प्रेषित. नमाजला या, कल्याणाकडे या. पहाटेच्या बांगेत एक वाक्य जास्तीचं असतं, झोपेपेक्षा नमाज बरी असं सांगणारं. आपल्या काकडआरतीची आठवण झाली. तिथंही देवाच्या नावानं माणसालाच उठवतात. मग जकातीचा हिशेब. वर्षभर शिल्लक राहिलेल्या ऐवजाचा चाळिसावा भाग. शेतीचा हिशेब वेगळा: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि पाणी ओढून भरावं लागलं तर विसावा. मोटेचा ज्याला खर्च त्याला निम्मी सूट! हे ऐकून मी मांडीवर थाप मारली. एवढं बारीक तर आमच्या तलाठ्यालाही सुचत नाही.

आणि रमजान. त्यांचा महिना चंद्राचा, त्यात आपल्यासारखा अधिक महिना धरत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ ला तो ऐन मे महिन्यात आला. खानदेशातला मे, बाहेर ठेवलेलं भांडं हाताला चटका देतं. मी हिशेब केला, म्हणजे १९८५ लाही तो मे महिन्यातच असणार. आणि तो उन्हाळा मला आठवला. लग्नाच्या गाद्या करायच्या होत्या, चाचा आमच्या ओसरीत पिंजत होता, तोंडाला फडकं. आजीनं पाणी विचारलं तर हातानंच नको म्हणाला. दुपारी परत विचारलं, नको. आजी आत येऊन म्हणे, "याले आपला घरनं पानी चालत नही वाटस."

तेव्हा आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी होती. चाचाला चहा तिच्यातून मिळायचा. पिऊन झाल्यावर ती त्यानंच विसळून परत कोनाड्यात ठेवायची. वाईट असं कुणी बोलायचं नाही, सगळं प्रेमानं चालायचं. विटाळ आम्ही धरत होतो आणि त्या रोज्याच्या दिवशी आजीनं तो चाचाच्या नावावर टाकला. मी तिशीतला, शिकलेला, ओसरीत उभा होतो. रोजा म्हणजे पाण्याचा थेंबही नाही, एवढं जरी मला ठाऊक असतं तरी आजीला सांगता आलं असतं. कपबशीबद्दल मात्र सगळं ठाऊक होतं आणि तरी बोललो नाही. तेव्हा हे सगळं अज्ञानाच्या माथी मारता येणार नाही.

एका संध्याकाळी पोराजवळ हे बोललो. तो म्हणाला, "ती कपबशी मीच धुवायचो, मास्तर. अब्बाबरोबर यायचो ना मी." एवढंच. मग इफ्तारीची वेळ झाली आणि त्यानं माझ्या हातावर खजूर ठेवला.

आमचं सगळं जमतं असं नाही. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या हमीद दलवाईंचं मी नाव काढलं की त्याचा चेहरा बदलतो. मला वाटतं, एखादा धर्म शिकताना घरातच भांडणारा माणूसही ऐकला पाहिजे. आपले फुले आपण ऐकतो तसा. तो म्हणतो, आधी घर तरी नीट पाहा, मग भांडण पाहा. यावर आम्ही दोनदा तावातावानं बोललो आहोत. शिवाय घर म्हणावं कुठलं? यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी भिल्लही मुसलमान, आणि धुळ्याचे विणकर मोमीनही. दोघांच्या चालीरीती सारख्या नाहीत. तडव्याच्या लग्नाला गेलेलं पोरगं मोमिनाच्या लग्नात नवखंच असतं.

मागच्या साली आम्ही दोघं बऱ्हाणपूरला गेलो, भुसावळवरून रेल्वेनं. फारुकी सुलतानांची खानदेशची राजधानी. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर चक्क एक संस्कृत लेख आहे, शके १५११ चा. तिथी, घटिका, नक्षत्र, सगळं पंचांग त्यात घातलंय आणि सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमस्कार. तो अरबी लेख वाचू शकत होता, अर्थ लावू शकत नव्हता. माझंही संस्कृतचं तेच. भिंतीपुढं आम्ही दोघे अडाणी बराच वेळ उभे होतो.

परतीच्या गाडीत त्याला रावेरला केळी घ्यायची होती. मी नको म्हटलं, एकादशी आहे. "केळं तं चालतं ना?" चालतं, म्हटलं, पण आज निरंकार धरलाय. तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "मास्तर, राग नका मानू. तुम्ही एकादशी कशापायी धरता?"

माय धरायची म्हणून, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि पाहून सांगतो म्हटलं. त्याला आता चार महिने झाले.